जमुनाबाईच्या घरी अख्खी बस

आमच्या जमुनादीदीला एक खोड होती. होती कशाला, अजूनही आहे. बसमधून उतरायची वेळ आली की ती उठून उभी राहणार, डोक्यावरचा पदर सारखा करणार आणि ओळखीच्या, बिनओळखीच्या सगळ्यांकडे बघून म्हणणार, "चला ना घरी, चहा घेऊ." आता हे आमच्याकडे सगळेच म्हणतात. म्हणायचंच असतं. समोरच्यानं "येतो ना, पुढल्या वेळी" असं म्हणायचं असतं, आणि दोघांनीही ते तिथंच सोडून द्यायचं असतं. पण दीदी एकेकाकडे बघून म्हणायची, पार मागच्या सीटपर्यंत. ड्रायव्हर दुधराम हॉर्न दाबून दाबून थकायचा. "जमुनाबाई, उतरा ना बाप्पा! माह्यं डिझेल जळून राहिलं." मला तर मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आणि खरं सांगू का, माझ्या त्या चिडण्यात दुसरंही एक होतं. अख्ख्या जगाला ‘चला घरी’ म्हणणारी ही बाई दोन वर्षांत मला तसं एकदाही म्हणाली नव्हती. मी तिची सख्खी जाऊ. तिच्या दाराच्या आणि माझ्या दाराच्या मध्ये एक आंगण, बस.

आमचं गाव पळसटोला. तिरोड्याहून निघालं की बोदलकसाचा तलाव लागतो, तिथून पुढं डोंगराच्या कुशीत शिरायचं, आणि रस्ता जिथं संपतो तिथं आम्ही. आम्ही पोवार. घरात पोवारीच बोलतो, पण इथं सगळ्यांना समजावं म्हणून मराठीत सांगते, बोलणी तेवढी गावच्या बोलीत. माझे जेठ, म्हणजे थोरले दीर आणि दीदीचे मालक चुन्नीलाल, २००६ साली गेले. त्यांच्या तेराव्यानंतर महिनाभरात वाटणी झाली. दीदीच्या वाट्याला अर्धं घर आणि बोडीखालच्या चार बांध्या, म्हणजे भातखाचरं, आल्या. बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं. तिच्याखालची जमीन म्हणजे हमखास धान. दीदीची एकुलती एक रविता गोंदियाला नर्सिंग शिकत होती, ती त्याच धानावर. वाटणीत माझे मालक इंद्रकुमार जे बोलले ते बोलले, आणि मी जे बोलले ते त्यांच्याहून वाईट होतं. त्या दिवसापासून माझा पाय तिच्या स्वयंपाकघरात पडला नव्हता.

दोन साल दीदीनं एकटीनं शेती केली, नांगरणीपासून रोवण्यापर्यंत, म्हणजे धानाच्या लावणीपर्यंत. तिसऱ्या साली, म्हणजे २००८ च्या उन्हाळ्यात, इंद्रकुमारनी चार म्हाताऱ्यांना बसवून विषय काढला. "भाभी, तुमच्यानं होऊन नाही राहिलं. मागच्या साली रोवणा किती उशिरा झाला, अर्धं धान पोचट निघालं. यंदा रोवणा वेळेत झाला तर मी तोंड उघडणार नाही. नाही झाला, तर पुढल्या सालापासून बांध्या मी करीन. तुम्हाला घरबसल्या धान देईन." म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. वाईट बोलले नव्हते ते, पण एकदा बांधी दुसऱ्याच्या हातात गेली की परत येत नाही, हे आमच्याकडे लहान लेकरालाही कळतं. दीदीनं फक्त "बरं" म्हटलं.

आता पुढचं सांगायला जीभ अडते, पण सांगते. जुलैचा महिना. दीदीच्या वाडीतले पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वीतभर झाले होते. आमच्या म्हशीचा दोर झिजला होता. मला दिसला होता. सकाळी बदलू म्हटलं, सकाळी म्हटलं संध्याकाळी बदलू. मुद्दाम? नाही हो, मुद्दाम नाही. पण घाईही केली नाही. तिसऱ्या दिवशी उजाडताना बघते तर म्हैस दीदीच्या पऱ्ह्यांत उभी! कितीतरी खाल्ले, कितीतरी तुडवले. दीदी आली. शिव्या देईल, छाती पिटेल, गाव गोळा करील असं वाटलं. तिनं म्हशीला हाकलत आणलं, तुटक्या दोराची टोकं हातात घेऊन पाहिली, घट्ट गाठ मारली आणि आमच्या खुंट्याला बांधून निघून गेली. मी दाराआडून बघत होते.

चार बांध्यांपैकी दोन बांध्यांपुरतेच पऱ्हे वाचले. रोवण्याची आठ बायांची टोळी ठरलेली होती, एकाच दिवसासाठी. तो दिवस हुकला की टोळी पंधरा दिवस दुसऱ्यांच्या शेतात. म्हणजे दीदीचा निकाल लागल्यातच जमा होता.

टोळीच्या तीन दिवस आधी ती आमच्या दारात आली. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "मंजू, रामलालच्या इथं पऱ्हे उरले हायेत. उद्या आणाले जातो. येतं का संगं?" रामलाल तिचा भाऊ, तिरोड्याजवळ राहतो. माझ्या तोंडातून ‘हो’ कधी निघून गेलं मलाच कळलं नाही.

पहिल्या गाडीनं गेलो, रात्री मुक्काम केला आणि उजाडायच्या आत रामलालच्या पऱ्ह्यांत उतरलो. रामलाल, त्याची बायको आणि आम्ही दोघी. उपटायचे, मुळांचा चिखल पाण्यात धुवायचा, मूठभर झाले की तणसाच्या वाळल्या काडीनं पेंढी बांधायची. दोनशेच्या वर पेंढ्या झाल्या. ओल्या पोत्यांत भरून बैलबंडीनं तिरोड्याला आणल्या आणि एकच्या गाडीच्या टपावर चढवल्या. गाडी दुधरामची स्वतःची, खाजगी, लहान बस. तो पोत्यांकडे बघून ओरडला, "जमुनाबाई, ही काय मालगाडी होय?" दीदी म्हणाली, "नाही तं. तुही गाडी होय, म्हणून तं तुह्या भरोशावर आणली." दुधरामनं मग स्वतःच पोती दोरानं आवळली.

गाडीत वीस-बावीस माणसं. आमच्या शाळेचे खुशाल गुरुजी, वाळलेली मासोळी विकणारी धुरपताबाई, बाकीचे आमच्याच रस्त्यावरच्या गावांतले. आणि मधल्या सीटवर एक गोरी बाई! तिशीची असेल. केसांना रुमाल बांधलेला, आणि मांडीवर एवढी मोठी पाठीवरची बॅग की तिच्यात माझी रुचि सहज मावली असती. रुचि म्हणजे माझी मुलगी, तेव्हा सहा वर्षांची होती. धुरपताबाई तिच्याशेजारी टोपली घेऊन बसली होती आणि तो वास त्या बाईला लागतच नव्हता की काय कोण जाणे, ती हसतच होती.

बोदलकसा मागे पडलं आणि डांबर संपलं. आमचा तो रस्ता म्हणजे काय सांगावं! पावसानं मुरूम वाहून गेलेला, वर गोटे निघालेले, एका चाकाखाली खड्डा तर दुसऱ्याखाली दगड. दुधराम ओरडायचा, "मागचे, सांभाळजा!" आणि त्याचं ओरडून व्हायच्या आत मागचे सुपातल्या धानासारखे उडायचे. गुरुजींनी चष्मा काढून खिशात ठेवला. कोणाची तरी कोंबडी सुटून माझ्या पायात आली. माझी कंबर मोडली होती, आणि ती गोरी बाई प्रत्येक दणक्याला "ओऽ" करून खिदळत होती. म्हटलं हिला घरी काही कामधंदा नाही वाटतं.

शेवटी गुरुजींनी शाळेतलं सगळं इंग्रजी गोळा करून तिला विचारलं, कुठं चालल्या. बरंच काही बोलली ती. गुरुजी आमच्याकडे वळून म्हणाले, "नाव एलेना. देश इटली. हिले कुठंच नाही जायचं. जिथं गाडी संपते तिथं जायचं, म्हणते. बारा मुलखांत फिरली, हरेक मुलखात एकदा तरी अशी शेवटपर्यंत जाते म्हणते."

"मंग शेवटी आमचंच गाव हाये," दीदी म्हणाली. "चाल ना घरी. चहा घेऊ."

सवयीनं म्हणाली हो! गुरुजींनी, शिक्षकच ते, जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. आणि एलेनानं दोन्ही हात छातीशी नेले, डोळे मोठे केले आणि म्हणाली, "येस! थँक यू! येस!" अख्खी बस खो-खो हसली. धुरपताबाई म्हणाली, "घ्या जमुनाबाई! एक तरी खरंच आली!" मी कपाळावर हात मारला. घरी धड संडास नाही, झोपायला जास्तीची खाट नाही, उद्या टोळी येणार, आणि ही बाई मेमसाहेबाला घेऊन चालली! दीदीचं तोंड जरा उतरलं, पण एकच क्षण. मग म्हणाली, "येऊ दे. बोलावलं तं बोलावलं."

रपट्याच्या, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलाच्या अलीकडे, गाव अडीच-तीन किलोमीटर राहिलं असताना, खालून ‘खाड’ करून आवाज आला आणि गाडी एका अंगावर बसली. दुधराम खाली वाकून आला आणि डोक्याचा रुमाल काढून सीटवर आपटला. "स्प्रिंगचा पाटा गेला. आता तिरोड्याहून मिस्त्री आल्याबिगर हे धूड हालत नाही."

घड्याळात पावणेतीन. वर ऊन कडक निघालेलं. दीदी टपाकडे बघत उभी राहिली. ओल्या पोत्यात पऱ्हे फार वेळ राहिले की उबतात, आतून पिवळे पडतात, मग ते रोवून काही उपयोग नसतो. संध्याकाळच्या आत पाण्यात गेले पाहिजेत. मोबाइल होते दोघातिघांकडे, पण डोंगरात रेंज कुठली? गावातले सगळे ट्रॅक्टर, सगळ्या बंड्या चिखलणीत गुंतलेल्या. सहा पोती, आणि आम्ही दोघी.

त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते मी देवापुढंही बोलले नव्हते. माझ्या मनात आलं, झालं. आता बांध्या आमच्याच. आणि तोंडानं मी म्हणाले, "राहू द्या दीदी. आता काय इलाज हाये? नशिबातच नव्हतं म्हणायचं."

दीदीनं माझ्याकडे बघितलं. टपाच्या शिडीवर चढली, एक पोतं ओढलं आणि खाली टाकलं. मग दुसरं. पन्नाशीची बाई, पहाटेपासून वाकलेली.

एलेना गुरुजींना विचारत होती, काय झालं, काय झालं. गुरुजींनी समजावलं असेल कसंतरी. ती पोत्यापाशी गेली, एक पेंढी काढून हातात धरली, मुळांचा वास घेतला. मग गाडीत गेली, आपली ती मोठी बॅग उघडली आणि सगळं सामान सीटवर उलटं केलं. कपडे, पुस्तकं, चपला, औषधं! धुरपताबाई ओरडली, "अवो बाई, हे काऊन?" एलेनानं रिकामी बॅग पोत्यापाशी आणली आणि तिच्यात पेंढ्या भरायला लागली. मुळं खाली, शेंडे वर, एकही न दुमडता. भरून झाल्यावर बॅग पाठीला लावली, गावाच्या दिशेनं बोट केलं आणि दीदीला म्हणाली, "घर? चलो."

माझ्या कानशिलात कोणी मारली असती तरी इतकं लागलं नसतं. सात समुद्रापलीकडची बाई, एक तासाची ओळख, आणि मी कोण? मी पदर खोचला, एक पोतं उचललं आणि डोक्यावर घेतलं. मान आत गेली माझी, इतकं जड होतं.

दीदी गाडीकडे वळली. खिडक्यांतून सगळे बघत होते. म्हणाली ती तेच, जे ती रोज म्हणायची. "चला ना बाप्पा घरी. चहा पाजतो."

मग धुरपताबाईनं मासोळीची टोपली बाकाखाली सारली. "एवढ्या सालांपासून बोलावून राहिली ही बाई. एकदा तं जाऊन पाहू, चहा देते का नाही ते." ती उतरली, गुरुजी उतरले, आणि मग सगळीच उतरली. कोणी दहा पेंढ्या घेतल्या, कोणी वीस. गुरुजींनी सदऱ्यावर चिखल लागू नये म्हणून आधी लांब धरल्या, रपट्यापर्यंत तेही काखेत मारून चालू लागले. ज्यांना आमच्या गावाच्या अलीकडच्या फाट्यावर उतरायचं होतं तेसुद्धा आले. एलेनाचं सामान राखायला तेवढा दुधराम मागे राहिला. त्यालाही जाताना दीदीनं सांगितलं, "तुह्या चहा पाठवतो गा."

गावात शिरलो तेव्हा इंद्रकुमार चौकात उभे होते. पुढं गोरी बाई, पाठीवरून हिरवे शेंडे वर आलेले, मागं बावीस माणसं आणि त्यांच्यात डोक्यावर पोतं घेतलेली त्यांची स्वतःची बायको. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. मी म्हटलं, "का पाहून राहिले? उतरवा ना हे!" त्यांनी उतरवलं. बोडीखालच्या बांधीत पाणी होतं, त्यात सगळ्या पेंढ्या उभ्या करून ठेवल्या. शेंडे जरा कोमेजले होते, बाकी ठणठणीत.

मग चहा. बावीस माणसांचा! दीदीकडे दूध होतं पाऊण लिटर. मी गोठ्यात गेले आणि म्हशीखाली बसले. त्याच म्हशीखाली. जिनं पऱ्हे खाल्ले तिच्याच दुधाचा चहा त्या दिवशी अख्ख्या बसनं पिला. दुधाची चरवी मी दीदीच्या उंबऱ्यावर ठेवली आणि तशीच मागे फिरले. आत जायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी टोळी उतरली. मीही उतरले. आमच्याकडे रोवण्याच्या दिवसांत धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, परका माणूस दिसला की बाया त्याच्या पायाशी एक पेंढी टाकतात. म्हणजे, काहीतरी दे, आमचं चहापान होऊ दे, मग पुढं जा. टोळीतल्या नंदाबाईनं हसत हसत एलेनाच्या पायाशी टाकली. आता ही पैसे काढील म्हणून सगळ्या बघतात, तर हिनं पेंढी उचलली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि उतरली की चिखलात! बाया हसून हसून वाकल्या. पण रोवायला लागली तशा थांबल्या. ओळ वाकडी जात होती, तरी रोप धरायची पद्धत बरोबर होती. अंगठा आणि दोन बोटं, मुळाजवळ.

दुपारी भाकर खाताना तिनं वहीतून एक जुना फोटो काढला. गुडघाभर पाण्यात वाकलेल्या बाया, डोक्यावर मोठ्या टोप्या. गुरुजी मधल्या सुट्टीत आले होते, त्यांनी सांगितलं, यातली एक हिची आजी. त्यांच्याकडेही धान होतं. गावोगावच्या बाया आगगाडीनं जायच्या, चाळीस दिवस दुसऱ्याच्या शेतात राहून रोवणा करायच्या. फोटो सगळ्या बायांच्या हातून फिरला. नंदाबाई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हिची बी कंबर आपल्यासारखीच दुखत असन मंग." दीदीनं आपल्या ताटातली लाखोळीची डाळ एलेनाच्या ताटात वाढली.

तिसऱ्या प्रहरी इंद्रकुमार फावडा घेऊन आले. मला वाटलं आता काही बोलतात. ते खालच्या धुऱ्याकडे गेले. तिथून पाणी फुटत होतं. त्यांनी माती टाकून ते बुजवलं, पायानं दाबलं आणि दीदीला म्हणाले, "भाभी, इथून पाणी जाऊन राहिलं होतं." बस, एवढंच. सूर्य डोंगराला टेकायच्या आत चारही बांध्या हिरव्या झाल्या.

बाया गेल्या. एलेना गुरुजींच्या घरी आंघोळीला गेली. बोडीच्या काठावर दीदी आणि मी पाय धूत होतो. माझ्यानं आता राहवेना. मी म्हटलं, "दीदी, म्हशीचा दोर झिजला होता. मले माहीत होतं. मी बदलला नाही."

दीदी टाचेचा चिखल काढत होती. मान वर न करता म्हणाली, "मले बी माहीत होतं. गाठ मी मारली ना? दोर काय एका दिवसात झिजते?"

"मंग मले काऊन नेलं संगं?" मला रडू आवरत नव्हतं. "पेंढ्या बांधाले रामलालची बायको होती, दुसऱ्या बाया होत्या."

"नेलं नसतं तं तू घरी बसून जीव खात राहिली असती सोताचा. आणि मी माह्या घरी बसून तुले शिव्या देत राहिली असती. आणखी दोन सालं. कायले?" तिनं लुगड्याचा काठ पिळला. "काल गाडीपाशी तू ‘राहू द्या’ म्हटलं ना, तवा मात्र लय राग आला होता मले. एक थापड द्यावी वाटली. मंग तू पोतं उचललं."

मी तिचे पाय धरायला वाकले, तर तिनं माझा दंड धरून उठवलं. चिखलाचा हात, माझ्या पोलक्यावर पाच बोटं उमटली. मग तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, जसा ती बसमधून उतरताना करते, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "चाल घरी. चहा घेऊ."

‘पुढल्या वेळी’ असं मी म्हटलं नाही. पाय धुतलेलेच होते. तशीच तिच्या मागे निघाले.